सतरा नंबरची पेटी

मुलांनो, असं समजा, की तुमच्या आईशी बोलायला तुम्हाला आठवड्यातून फक्त पंधरा मिनिटं मिळतात. रविवारी दुपारी चार ते सव्वाचार. एक मिनिट आधी नाही की एक मिनिट नंतर नाही. आता त्या पंधरा मिनिटांत काय काय सांगायचं, ते मनाशी ठरवा. दात पडला ते सांगाल? वर्गात शेजारी कोण बसतं ते? ठरलं? बरं. आता समजा, तुम्ही तोंड उघडलंत, "आई, अगं गंमत म्हणजे" एवढं म्हणालात, आणि आई पडद्यावर थिजली. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, हात हवेत. आणि तिच्या नाकावर एक छोटंसं चाक गोल गोल फिरतंय. फिरतंच आहे.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचं दर रविवारी असंच होत होतं.

ती नऊ वर्षांची होती आणि घरात तिला सगळे खारू म्हणत. हे नाव आजोबांनी ठेवलेलं. आजोबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. छत्तीस वर्षं ते खांबांवर चढले आणि उतरले. "माझ्या निम्म्या फॉल्टना खारी कारणीभूत," ते म्हणायचे. "वायर दिसली की कुरतडलीच! आणि ही बया रांगायला लागली त्याच दिवशी माझ्या टेस्टरची वायर तोंडात घालून बसली. मग दुसरं काय नाव ठेवणार?"

खारूची आई ही आजी-आजोबांची लेक. ती समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर नोकरीला होती. जहाजावर माणसं चाळीस आणि घरच्यांशी बोलायची जागा एकच, म्हणून प्रत्येकाला पाळी लावून दिलेली. बाबांची नोकरी फिरतीची. ते शनिवारी यायचे आणि रविवारी दुपारचं जेवून परत निघायचे. म्हणजे रविवारी चार वाजता लॅपटॉपसमोर खारू आणि आजी, अशा दोघीच. आजोबा बोळात.

बोळात का, ते सांगतो. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडं जाणारा एक अरुंद बोळ होता आणि त्या बोळाच्या भिंतीवर होती सतरा नंबरची पेटी. जाड पत्र्याची, हिरव्या रंगाची, कमरेइतक्या उंचीची, दाराला भक्कम कडी. एके काळी ही पेटी चौकात उभी असायची आणि त्या भागातल्या सगळ्या टेलिफोनच्या तारा तिच्यात येऊन मिळायच्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं त्या पेटीतून जायचं. पुढं घराघरातले टेलिफोन गेले, तारा उतरवल्या, पेट्या भंगारात निघाल्या. आजोबांनी साहेबांना अर्ज केला. निवृत्तीला हार नको, शाल नको, सतरा नंबर द्या. चौघांनी ती उचलून घरी आणली तेव्हा आजी दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "आता हिला ओवाळू की काय?"

वर्षानुवर्षं त्या पेटीत आजोबांची पक्कड, टेस्टर आणि पाने राहिले. आई जहाजावर गेली त्या महिन्यात घरात वाय-फाय आलं. बसवणाऱ्या मुलानं राउटर बोळातल्या फळीवर ठेवला. त्याची पाठ वळली तसं आजोबांनी ते फळीवरचं यंत्र उचललं. "असं उघड्यावर ठेवतात का कुठं? धूळ बसेल, धक्का लागेल." त्यांनी पेटी रिकामी केली, आत फळी बसवली, वायरीला नीट वळण दिलं आणि राउटर आत ठेवला. यंत्र तापू नये म्हणून एरवी पेटीचं दार उघडंच असे. सकाळी चहा घेताना आजोबा समोर स्टूल टाकून आतले हिरवे दिवे बघत बसत. "लाइन जिवंत आहे," ते स्वतःशीच म्हणत. बऱ्याच वर्षांनी त्या पेटीत काहीतरी जिवंत होतं.

तर, पहिल्या रविवारी आई थिजली चार वाजून दोन मिनिटांनी. सगळ्यांना वाटलं, तिकडं वादळबिदळ असेल. दुसऱ्या रविवारी चार वाजून तीन मिनिटांनी. तिसऱ्या रविवारी पुन्हा दोन मिनिटांनी. मग आजोबा बोळातून धावत यायचे, "काय झालं? दिवे तर हिरवे आहेत!" मध्येच आई परत यायची, "हॅलो, हॅलो, आता येतोय का आवाज?" म्हणायची आणि खारू बोलायला गेली की पुन्हा थिजायची. असं करत करत सव्वाचार वाजायचे.

खारूनं आईला सांगायच्या गोष्टींची यादी केली होती. पहिलीच गोष्ट होती, 'दात पडला.' ती बातमी सांगता सांगता नवा दात अर्धा वर आला. यादी पाठपोट भरली, पण पहिल्या गोष्टीवर अजून काट मारता आली नव्हती.

तिसऱ्या रविवारनंतर सोमवारी आईचा निरोप आला. 'इथून बाकीच्यांचे कॉल नीट लागतात गं. येत्या रविवारनंतर आम्ही बर्फाच्या भागात शिरणार. मग तीन महिने बोलणं नाही, जमलं तर एखादा निरोप. हा रविवार नक्की साधू या.'

खारूनं तो निरोप दोनदा वाचला आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

आजोबांनी ते पाहिलं. ते उठले, कपाटाच्या तळातून एक जाड, कोपरे झिजलेली वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ही काय?"

"फॉल्टची वही. माझी शेवटची. अर्धी कोरी राहिली होती, म्हटलं कशाला वाया घालवायची. बघ, रकाने आखलेले आहेत. वेळ, लक्षण, कारण, उपाय, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही."

खारूनं पानं उलटली. आजोबांचं अक्षर बारीक आणि ताठ होतं. 'खांबावर गांधीलमाशांचं पोळं. धूर केला.' 'फांदी तारेवर. छाटली.' 'खार. पळवली.'

"ही मी का?" खारूनं विचारलं.

"तुझी पणजी असेल. आता ऐक. फॉल्ट म्हणजे भूत नव्हे. भूत कुठंही असतं, फॉल्टला मात्र जागा असते. तो दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी दडून बसलेला असतो. आईच्या टोकाला सगळं ठीक आहे, म्हणजे तो आपल्या टोकाला. हे कळलं, तिथंच अर्धं काम झालं. आता नियम पहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि लाइन सुरू झाली, तर कशामुळं झाली ते कळत नाही, आणि उद्या पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

"आणि दुसरा?"

"जे दिसलं ते लिहायचं. वाटलं ते नाही."

"बस, दोनच?"

आजोबांनी वहीच्या झिजलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "तिसरा एक आहे. वहीत माणसाचं नाव लिहायचं नाही. तार तुटली, असं लिहायचं. कोणी तोडली, ते लिहायचं नाही."

"का? तोडणाऱ्याला ओरडा बसायला नको?"

"सांगतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. "मी नवा नवा होतो तेव्हाची गोष्ट. चौकात हीच पेटी उघडी होती, काम चाललेलं. आमच्या भागातल्या एका माणसाला दूर गावाहून फोन आला. त्याच्या बायकोचं बाळंतपण होतं तिकडं. फोनवरचा सांगतोय, 'ऐका, तुमची बायको आणि बाळ दोघंही' आणि कट. लाइन बंद."

"दोघंही काय?"

"तेच तर! त्याला दोन दिवस कळलं नाही. तेव्हा काही आताच्यासारखं नव्हतं, मनात आलं की लावला फोन. दोन दिवस तो माणूस टेलिफोन एक्स्चेंजच्या पायरीवर बसून होता. न जेवता."

"मग?"

"दोघंही सुखरूप होती. तिसऱ्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना मिठाई वाटली. आम्हाला काही ती गिळवेना. फॉल्ट काय, तर कुणीतरी उघड्या पेटीत छत्री टेकवून ठेवली होती. तिचा दांडा सरकला आणि तारेला लागला."

"कुणी ठेवली होती?"

आजोबांनी वहीवर बोट टेकवलं. "तिसरा नियम."

खारू हसली. मग तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि कोऱ्या पानावर तारीख टाकली.

मंगळवारी लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. आजोबांना शेजारी बसवून अर्धा तास बाबांशी बोलून पाहिलं. काहीच बिघडलं नाही. 'लक्षण नाही,' खारूनं लिहिलं. बुधवारी लॅपटॉपला घरचं वाय-फाय विसरायला लावलं आणि पासवर्ड नव्यानं घातला. पासवर्ड आजीनं ठेवलेला होता, चांगला बावीस अक्षरांचा. आजी पूर्वी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आत बसून ती जोडणी करायची आणि बाहेर आजोबा खांबावर लोंबकळायचे. "चोर आला तर टाइप करता करताच म्हातारा होईल," असं तिचं म्हणणं. बुधवारीही लक्षण नाही. गुरुवारी स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन मुद्दाम लावून पाहिला, कारण ओव्हन चालू असला की वाय-फाय अडखळतं असं बाबांनी फोनवर सांगितलं होतं. ओव्हनमधलं दूध उतू गेलं, पण वाय-फाय काही अडखळलं नाही.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. पाठीवर बॅग, कानात दोन बोंडं, आणि पुढची सात घरं डोळ्यासमोर. त्यानं पुढच्या खोलीत उभ्या उभ्या आपल्या मोबाइलवर काहीतरी मोजलं.

"रेंज फुल आहे की, काका."

"आत्ता आहे हो. रविवारी चार वाजता जाते," आजोबा म्हणाले.

"रविवारी चारला?" तो हसला. "नेटला पण सुट्टी लागते मग."

"दादा, रोज नीट चालतं, आणि आईचा फोन आला की दोन मिनिटांनीच जातं," खारू म्हणाली. "तुम्ही रविवारी याल का?"

"रविवारी मी माझ्या आईकडं जातो, ताई," तो म्हणाला, आणि लॅपटॉप जुना झालाय, नवा घ्या, असं सांगून निघून गेला.

"डॉक्टर दारात आला की ताप पळतो, त्यातली गत," आजी म्हणाली. "आणि याचं तर औषध म्हशीला सोडून पखालीला."

त्या संध्याकाळी आजोबा वही उघडी ठेवून बराच वेळ बसले. चार दिवस, चार ओळी, सगळीकडं 'लक्षण नाही'. छत्तीस वर्षं ज्या माणसानं वादळात खांबावर चढून शहराच्या तोंडात जीभ परत घातली, त्याला आपल्याच घरातला, आपल्याच लेकीचा फोन दोन मिनिटं टिकवता येत नव्हता. चष्मा काढून पुसायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा काढायचा, एवढं ते करत राहिले. खारूला ते बघवेना.

"आजोबा," ती म्हणाली, "फॉल्ट रविवारीच येतो ना? मग आपण उद्याच रविवार करू."

"म्हणजे?"

"खोटा रविवार. रविवारी चार वाजता सगळे जे जे करतात, ते ते उद्या करायचं. अगदी तस्सं. फक्त आईच्या जागी बाबा."

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अरे वा! चोर येत नसेल तर त्याला आमंत्रण धाडायचं. हे आम्हाला कधी सुचलं नाही."

शनिवारी चार वाजता खोटा रविवार झाला. बाबा मोबाइल घेऊन रस्त्याच्या टोकाला, न्हाव्याच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. आजीनं नेहमीसारखे केस नीट केले, चष्मा लावला आणि आपली खुर्ची खारूच्या उजव्या हाताला ओढली. आजोबा बोळात गेले. खारूनं वही मांडीवर घेतली आणि डोळे पडद्याच्या कोपऱ्यावर लावले. तिथं वाय-फायचं चिन्ह होतं, एकावर एक तीन कमानी.

बाबांचा चेहरा उमटला. मागं न्हावी कात्री हातात धरून कुतूहलानं डोकावत होता.

"हॅलो, बाळ," बाबा बारीक आवाज काढून म्हणाले, "मी तुझी आई बोलतेय. इथं खूप मासे आहेत. काल एक मासा माझ्याकडं बघून हसला."

"माझी लेक असली बाष्कळ बडबड करत नाही," आजी म्हणाली.

बोळातून आजोबांची हाक आली, "लागला का?"

"लागला!" खारू ओरडली. दर रविवारी ती असंच ओरडायची.

मग बोळात आवाज झाला. कट्ट.

तीन कमानींची एक कमान झाली. बाबा थिजले, तोंड उघडं, भुवया वर. त्यांच्या नाकावर चाक फिरायला लागलं.

"आला!" खारू ओरडली. "आजोबा, फॉल्ट आला!"

बोळात पुन्हा कट्ट वाजलं. आजोबा धावत आले. "दिवे तर हिरवे आहेत!" आणि ते बोलत असतानाच कोपऱ्यात पुन्हा तीन कमानी उभ्या राहिल्या आणि बाबा म्हणाले, "मासा, मासा, ऐकू येतंय का?"

खारूची नजर बोळाकडं गेली. पण जे दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. तिनं पुन्हा सगळं करायला लावलं. या वेळी फक्त आजीची खुर्ची हलवली. लागला का, लागला, कट्ट, एक कमान. मग आजीची खुर्ची जागेवर आणली आणि म्हणाली, "आजोबा, या वेळी तुम्ही बोळात जाऊ नका. इथं माझ्याजवळ बसा."

"मग तिकडं लक्ष कोण ठेवणार?"

"एका वेळी एकच गोष्ट, आजोबा."

ते बसले, पण खुर्चीच्या अगदी कडेला, मान बोळाकडं. बाबा दहा मिनिटं बोलले. मासे संपले, मग न्हाव्याची चौकशी झाली, मग तेही संपलं. तीन कमानी जागच्या हलल्या नाहीत.

"बघा!" आजोबांचा चेहरा उजळला. "सुटला आपोआप! जुने फॉल्ट असेच असतात, जरा मान दिला की वठणीवर येतात. उद्या मी बोळात डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. बघू कसा येतो तो."

खारूनं बोळाकडं पाहिलं. पेटीचं दार उघडं होतं. जाड पत्र्याचं दार, भक्कम कडी. तिला आता सगळं समजलं होतं. जोडणी झाली की पेटी बंद. छत्रीचा दांडा लागू नये, धूळ बसू नये, कुणाचा धक्का लागू नये, लेकीचा आवाज तुटू नये, म्हणून आजोबा दर रविवारी आपल्या हातानं कडी लावत होते. तारेतून जाणाऱ्या आवाजाला पेटी सांभाळते. हवेतून जाणाऱ्याला ती कोंडते.

पण हे आजोबांना सांगायचं कसं?

ती स्वयंपाकघरात गेली. आजी कपबश्या विसळत होती.

"आजी, तुला कळलं?"

"बारा वर्षं कानाला यंत्र लावून बसले होते मी. मला कट्ट ऐकू येणार नाही?"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मी कुठं त्या कमानी बघत होते? मी माझ्या लेकीला बघत होते." आजीनं हात पुसले. "मला आजच कळलं, तुझ्याबरोबर. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय."

"त्यांना वाईट वाटेल ना गं? तीन रविवार..."

"वाटेल की."

"मग तू सांग."

"मी सांगितलं तर भांडण होईल. चाळीस वर्षांची सवय आहे आमची." आजी हसली, आणि मग तिनं खारूच्या कपाळावरचे केस मागं सारले. "फॉल्ट तू शोधलास. नोंद पण तूच करायची. कशी करायची, ते तुला शिकवलंय त्यांनी."

खारूनं वही घेतली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. तीनदा कच्च्या कागदावर लिहिलं, खोडलं. मग पक्क्यात उतरवलं, आजोबांसारखं बारीक आणि ताठ अक्षर काढून.

'वेळ: कॉल लागल्यावर लगेच. लक्षण: तीन कमानींची एक होते. कारण: पेटीचं दार बंद. आतलं यंत्र हवेतून बोलतं, पत्र्यातून त्याचा आवाज बाहेर येत नाही. उपाय: दार उघडं ठेवणं.'

सहीचा रकाना तिनं कोरा ठेवला. वही मिटली नाही. बोळातल्या फळीवर, चहाचा कप ठेवायच्या जागेशेजारी, उघडी ठेवून दिली.

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा बोळातून काहीच आवाज येत नव्हता. तिनं दाराआडून पाहिलं. आजोबा स्टुलावर बसले होते, वही गुडघ्यावर. चहावर साय धरली होती. त्यांचं बोट त्या ओळीवरून पुढं जायचं आणि पुन्हा मागं यायचं. मग त्यांनी उजवा हात लांब करून पेटीचं दार हळूच लावलं आणि उघडलं. कट्ट. कट्ट.

"खारू," ते न वळता म्हणाले, "पळू नकोस. मला खारींची चाहूल कळते."

ती येऊन उभी राहिली.

"अक्षर चांगलं आहे तुझं," आजोबा म्हणाले. "मला लाइनचं काम शिकवणाऱ्या मास्तरांचंही असंच होतं. त्या दिवशी पायरीवर तो माणूस बसला होता, आणि मी मास्तरांच्या मागं उभा. वीस वर्षांचा होतो. वाटलं, आता वहीत नाव चढणार आणि नोकरी जाणार. त्यांनी लिहिलं, 'पेटी उघडी. छत्रीचा दांडा तारेला लागला.' बस. वही मिटली आणि मला म्हणाले, चल, चहा घेऊ."

"छत्री तुमची होती?"

"त्या दिवसापासून जोडणी झाली की मी पेटी बंद करतो," आजोबा म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं. हाताला सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो. म्हणून नुसतं 'दार उघडं ठेवणं' हा उपाय चालायचा नाही. हात ऐकणार नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सहीच्या रकान्यात सही केली. मग म्हणाले, "जा, पाना घेऊन ये. मोठा."

बिजागऱ्यांचे बोल्ट रंगाखाली गाडले गेले होते. ते सुटायला तासभर लागला. बाबांनी दार खालून धरलं, आजोबांनी वरून. दार उतरलं तेव्हा सतरा हा आकडा त्याच्याबरोबर गेला. पेटी एकदम बोळकी दिसायला लागली. आजोबांनी दार पुसून भिंतीशी टेकवून ठेवलं आणि त्यावरून एकदा हात फिरवला, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आता हिला ओवाळू?" आजीनं विचारलं.

"ओवाळ," आजोबा म्हणाले. "आणि बस तू लेकीसमोर मुकाट्यानं."

जेवण करून बाबा गेले. चार वाजले. लॅपटॉप टेबलावर, चार्जर लावलेला. आजी उजव्या हाताला. खारूच्या हातात पाठपोट यादी. आईचा चेहरा उमटला. तीन कमानी.

"लागला का?" बोळातून हाक आली.

"लागला!"

खारूनं कान टवकारले. कट्ट वाजलं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिनं दातापासून सुरुवात केली. आईनं तोंड उघडायला लावलं, अर्धा वर आलेला दात जवळून बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर मी न पाहताच निघाला की!" तीन मिनिटं. चार. खारू भराभर बोलत होती आणि एकेका गोष्टीवर काट मारत होती. आजीनं मध्येच नाक पुसलं. आई हसत होती आणि तिचं हसणं शेवटपर्यंत ऐकू येत होतं, मध्येच तुटत नव्हतं.

"बरं, अण्णा कुठं आहेत?" आईनं विचारलं. ती आजोबांना अण्णा म्हणायची. "तीन रविवार झाले, मला नुसता त्यांचा आवाज येतो पाठीमागून. दिवे हिरवे आहेत, दिवे हिरवे आहेत!"

"पहारा देतायत," आजी म्हणाली.

"कसला?"

"तुझ्या फोनचा. दार काढून टाकलं तरी उभे आहेत आपले."

खारूनं मान वळवून पाहिलं. बोळाच्या तोंडाशी आजोबांचा खांदा तेवढा दिसत होता. ते बिनदाराच्या पेटीला पाठ लावून उभे होते, हात मागं बांधलेले, जसे ते जन्मभर कुणाकुणाच्या बोलण्याबाहेर उभे राहिले होते. त्यांच्या हिशोबानं बोलायचं यंत्र टेबलावर असतं. ज्याला बोलायचं त्यानं टेबलापाशी जायचं, आणि लाइनमननं पेटीपाशी थांबायचं.

घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती. यादीवर अजून अकरा गोष्टी शिल्लक होत्या.

खारूनं यादी घडी घालून खिशात ठेवली. लॅपटॉपच्या कुशीतून चार्जर उपटला, दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि खुर्चीवरून उतरली.

"अगं, अगं, कुठं चालवलंस मला?" आई पडद्यातून म्हणाली.

बोळात आजोबा दचकले. "खारू! अगं, वायर... वायर तुटेल!"

"वायर नाहीच आहे, आजोबा," खारू म्हणाली.

तिनं लॅपटॉप त्यांच्या चेहऱ्यासमोर येईल इतका वर धरला, टाचा उंचावल्या, आणि हात भरून आले तरी सव्वाचार वाजेपर्यंत खाली घेतला नाही.